फ्रिजशेजारचा फळा

आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर फळा करायचं मी ठरवलं, ते सासऱ्यांसाठी. निदान तेव्हा मी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. अमळनेरकडचं गाव सोडून ते तरुणपणी सुरतेला आले आणि हात चालत होते तोवर त्यांनी यंत्रमाग चालवले. एका माणसाकडे आठ-आठ माग, आणि दिवसभर तो खडखडाट. त्यात कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. कारखान्यात सगळेच खुणांनी बोलायचे, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. अडायला लागलं ते घरी बसल्यावर. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगायच्या. त्या गेल्या, आणि आप्पांना सांगणारं घरात कुणी उरलं नाही. आम्ही होतो, पण आम्हाला कायम घाई असायची.

माझे मिस्टर पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते. मी घरीच साड्यांना लेस लावायचं काम करते. मुलगी चौथीत, गुजराती शाळेत. गोडादऱ्यातलं आमचं घर म्हणजे खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. जेवायला सगळे स्वयंपाकघरात खालीच बसतो. तिथे आम्ही तिघं बोलायचो, हसायचो, आणि आप्पा हातात घास धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायचे. कुणी हसलं की आधी हसणाऱ्याकडे बघायचे, मग स्वतःच्या सदऱ्याकडे, आपल्या अंगावर काही सांडलंय का म्हणून.

कानाचं मशीन आणून झालं होतं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि डबीत घालून मला परत दिलं. म्हणाले, "हाई घालं की डोकामा कारखाना चालू व्हई जास." पुन्हा कधी हात लावला नाही.

मग एका सकाळी कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो गल्लीत मागून हॉर्न वाजवत आला. आप्पा मधोमध चालत होते. आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला, कातडं सोललं. एवढ्यावर निभावलं, पण पुढच्या वेळी काय? त्या दिवसापासून घरात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे फळा. दुसरी पुढे सांगते.

फळ्याची कल्पना माझी. फ्रिज आणि मागचं दार यांच्यामध्ये हातभर रुंद, माणसाच्या उंचीएवढी भिंत मोकळी होती. आप्पा जेवायला बसतात त्याच्या अगदी समोर. हार्डवेअरवाल्याकडे फळ्याचा काळा रंग मिळतो हे मला माहीत होतं. आधी पॉलिशपेपरने भिंत घासली, खड्डे पुट्टीने भरले, प्रायमर मारला, मग काळ्या रंगाचे दोन हात. दुकानदारानं बजावलं होतं, "त्रण दिवस चॉक अडाडता नहीं." तीन दिवस मी मुलीला त्या भिंतीपासून लांब ठेवलं. शिवाय त्यानं एक युक्ती सांगितली होती: पहिल्यांदा काही लिहायच्या आधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचा. नाहीतर पहिली अक्षरं भिंतीत कायमची बसतात.

चौथ्या दिवशी मी तेच करत होते. सगळा फळा पांढरा केला, पुसला, आणि वळले तर दारात आप्पा उभे. नजर फळ्यावर.

"काय पुसस तू?"

मी मान हलवली, काही नाही म्हणून.

"मंग पुसस कसाले? काय लिखेल व्हतं आठे?" फळ्याकडे बोट करून म्हणाले.

मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. शेवटी फळ्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आप्पा, हा फळा तुमच्यासाठी. आम्ही बोलू ते इथे लिहू." त्यांनी सावकाश वाचलं. गावी चौथीपर्यंत शिकलेले आहेत, मराठी वाचता येतं. वाचून झाल्यावर जवळ आले आणि माझ्या अक्षरांच्या आजूबाजूला जो पांढुरका ढग राहिला होता, त्यावरून बोट फिरवलं. बोटाला लागलेली पूड बघितली. मग बाहेर गेले.

मला रागच आला. एवढी मेहनत केली, आणि हे!

पहिले काही दिवस आम्ही उत्साहानं लिहिलं. "आज मेथीची भाजी." "गॅस येणार आहे." "पाहुणे रविवारी." मिस्टर कामावरून आले की दोन ओळी लिहायचे. मुलगीही लिहायची, पण तिला देवनागरी पटकन लिहिता येत नाही, म्हणून गुजरातीत. कोथिंबीर संपली, वहीला पुठ्ठा घालायचाय, असलं काहीबाही. आणि आप्पा? ते आमच्यासाठी लिहिलेलं वाचायचे, मान हलवायचे, पण त्यांचं लक्ष असायचं पुसलेल्या जागेवर. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते मागचं दार उघडायचे आणि तिरप्या उजेडात फळ्याजवळ डोळे नेऊन बघत राहायचे. काल काय होतं, आज काय नाही. मी पोळ्या लाटता लाटता ओल्या हातानं एखादी ओळ पुसली की लगेच, "काय व्हतं ते?"

"कोथिंबीर होती, आप्पा. आणली, म्हणून पुसली."

ऐकू जायचं नाही. मी कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवायचे. ते जुडीकडे बघायचे, मग माझ्याकडे. विश्वास बसलाय असं कधी वाटलं नाही.

एकदा मी मिस्टरांना म्हटलं, "फळा आपला, पण वाटतं जणू मी चोरी करतेय. असं काय आहे त्यांच्या मनात?"

त्यांनी आधी आप्पांच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "आई सांगायची. कारखान्याच्या दारात फळा असायचा. मागाचे नंबर आणि समोर कारीगराचं नाव. सकाळी ज्याचं नाव पुसलेलं असेल, त्यानं तिथूनच मागे फिरायचं. कुणी तोंडानं काही सांगायचं नाही. आप्पांचं नाव दोनदा पुसलं होतं."

"मग हे आधी का नाही सांगितलं मला?"

"मला वाटलं, ते विसरले असतील."

आता ती दुसरी गोष्ट. टेम्पोचा प्रकार झाल्यापासून आम्ही दोघं आप्पांना गावी, माझ्या मोठ्या दिरांकडे पाठवायचं बोलत होतो. तिकडे अंगण आहे, रस्त्यावर वाहनं नाहीत, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. ते खोटं नव्हतं. पण आप्पा गेले की खालची खोली मुलीला अभ्यासाला होईल, माझ्या साड्यांचे ढीग जिन्यात ठेवावे लागणार नाहीत, हेही मनात होतं, आणि तेही आम्ही बोलत होतो. कुठे? स्वयंपाकघरात, जेवताना, त्यांच्या समोर बसून. आवाजही खाली करायचो नाही, कारण गरजच नव्हती. आमटी वाढता वाढता मी विचारायचे, "दादांशी बोललात का?" आणि मिस्टर म्हणायचे, "ते म्हणतात बघू." आप्पा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायचे. फळा त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यावर लिहिलेलं: "आज मेथीची भाजी."

मुलगी हे सगळं ऐकत होती.

एका सकाळी मी चहा ठेवायला आले तर फळ्यावर तिच्या गोल गोल गुजराती अक्षरात, शिरोरेषा नसलेली एक ओळ होती. "आप्पा गाम क्यारे जशे?" आप्पा गावी कधी जाणार? आदल्या संध्याकाळी मीच तिला दटावलं होतं की मध्ये मध्ये प्रश्न विचारू नकोस, काय ते फळ्यावर लिही. तिनं लिहिलं होतं.

मी तळहातानंच पुसून टाकलं. फडकं शोधायलाही थांबले नाही. आणि वळले तर आप्पा मागच्या दारात, दात घासून आलेले, खांद्यावर पंचा.

"काय व्हतं?"

मी खडू घेतला आणि लिहिलं, "होमवर्क."

त्यांनी वाचलं. मला वाटलं आता नेहमीसारखं उलटसुलट विचारतील. पण ते वळले. पाटावर बसले, चहा घेतला, बशी विसळून ठेवली आणि आपल्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी फळ्याबद्दल विचारणं बंद केलं. मी काही पुसलं तरी बघत नसत. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण उलटच झालं. ज्या माणसाला महिनाभर प्रत्येक पुसलेल्या अक्षराचा हिशेब हवा होता, तो अचानक गप्प का? मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. मग लक्षात आलं की बरेच दिवस दुपारी जेवणानंतर झोपायचं सोडून ते इस्त्रीचा सदरा घालून चारच्या सुमाराला बाहेर जायचे. मी ते बघितलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आता तेही बंद झालं होतं. कुठे जात होते? कुणाला भेटत होते? शेजारणीजवळ आमच्याबद्दल काही सांगत असतील का? की दिरांना कुणाच्या फोनवरून काही कळवत असतील? मी साड्यांना लेस लावत बसायचे आणि डोक्यात हेच. एकदा तर ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन कॉटखाली बघितलं. त्यांची कापडी पिशवी होती. आत दोन धोतरं, सदरे, पंचा, गोळ्यांची पट्टी, सासूबाईंचा फोटो. सगळं नीट घडी घालून भरलेलं.

मी पिशवी होती तशी ठेवली.

कपडे धुवायला घेताना मी खिसे तपासते, सगळ्यांचेच. पण त्या दिवशी आप्पांच्या सदऱ्याचा खिसा मी तपासला तो धुण्यासाठी नाही, हे मला माहीत होतं. आत कॅलेंडरच्या जुन्या पानांचे कापलेले तुकडे होते, चार घड्या घातलेले. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं, चित्र काढावं तशी काढलेली अक्षरं. आमच्या मुलीची अक्षरं. अक्षर न अक्षर, तिच्या खाडाखोडीसकट आप्पांनी उतरवून घेतलं होतं. खाली दुसऱ्याच कुणाच्या निळ्या पेनानं हिंदीत अर्थ लिहिलेला. "धनिया ख़त्म." "कॉपी का पुट्ठा." "शनिवार को मीटिंग." आणि शेवटच्या तुकड्यावर: "आप्पा गाँव कब जाएँगे?"

म्हणजे मी तळहातानं ती ओळ पुसली, तेव्हा ती त्यांच्या खिशात होती. वाचता येत नव्हती, एवढंच. मी "होमवर्क" लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं की मी खोटं बोलले.

निळ्या पेनाचं अक्षर मी ओळखलं. चौकातल्या मेडिकलवाल्याचं, गोळ्यांच्या पाकिटावर तो असंच लिहून देतो. डोकेदुखीची गोळी घ्यायच्या निमित्तानं मी तिथे गेले. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "काका केम आवता नथी? तबियत ठीक ने?"

म्हटलं, "ठीक आहेत. इथे येत होते का?"

"रोज. चिट्ठी लेके. मने लाग्युं काका गुजराती शीखे छे." तो हसला, मग थांबला. "लेकिन वो आख़री वाली पढ़ी तो मैंने पूछा, काका, कहीं जा रहे हो? सिर्फ़ सिर हिलाया. फिर आए ही नहीं."

मी गोळी न घेताच घरी आले. आप्पांनी घरातल्या मुलीला विचारलं असतं तर तिनं एका मिनिटात वाचून दाखवलं असतं. पण तीही आमच्यातलीच. या घरातल्या कुणावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता, आणि बाहेरच्या दुकानदारावर होता. यात त्यांचं काय चुकलं?

मिस्टर कामावरून आल्या आल्या मी त्यांना तुकडे दाखवले. त्यांनी एकेक उलगडून बघितला. "पिशवी भरून ठेवलीय त्यांनी," मी म्हटलं. ते भिंतीला टेकून बसले. "आता काय तोंडानं बोलायचं त्यांच्याशी?" म्हणाले. आम्ही ठरवलं की रविवारी सुट्टीच्या दिवशी नीट सांगू. म्हणजे आणखी तीन दिवस पुढे ढकललं.

रविवारी दुपारी पानं घेतली. मी वरणाचं भांडं खाली ठेवत होते तेवढ्यात आप्पा उठले, फ्रिजवरचा खडू घेतला आणि माझ्या हातात दिला. मग मुलाला म्हणाले, "तुना भाऊले फोन लाव. आठेच. सगळासमोर."

मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "तिनाकडे काय देखस? लाव."

फोन लागला. मिस्टरांनी तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला. आप्पा फोनवर वाकले. "मी आठला घरमा नको व्हयनू का? आनि तुना घरमा जागा शे का? सरळ सांग." मग बसले आणि मला म्हणाले, "तो काय म्हनस ते लिख. सगळं लिख."

दीर गडबडले. त्यांना असं अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "आप्पा, असं काय बोलता, घर तुमचंच आहे." मी लिहिलं. "पण आत्ता लगेच नको, दिवाळीनंतर बघू." मी लिहिलं. मग आवाज खाली करून, बहुतेक भावासाठी, म्हणाले, "अरे, हिची तयारी नाही. बहिऱ्या माणसामागे दिवसभर कोण ओरडत बसणार? तुम्ही इतकी वर्षं सांभाळलं, आता थोड्यासाठी..."

माझा हात थांबला. हे वगळता आलं असतं. "बघू म्हणतात" एवढंच लिहून भागलं असतं, कुणाला कळलं नसतं. मिस्टर डोळ्यांनी मला तेच सांगत होते.

आप्पा माझ्या थांबलेल्या हाताकडे बघत होते.

"लिख, माय," ते म्हणाले.

मी लिहिलं. जसंच्या तसं. 'बहिऱ्या' लिहिताना खडू मोडला, मी दुसरा घेतला.

आप्पांनी सगळं वाचलं, बोट न लावता, ओठ हलवत. मग फोनकडे वाकून शांतपणे म्हणाले, "आयक. माले बहिरा म्हन, मी बहिराच शे. पन मना मांगे नको म्हनू. ठेव आते." आणि स्वतःच बटण दाबून फोन बंद केला. पहिल्यांदा चुकीचं दाबलं गेलं, मुलीनं पुढे होऊन बरोबर दाबलं.

मग आमच्याकडे वळले. "माले कोठेच जानं नही. आठेच ऱ्हासू. तुमले चालस का? तोंडी बोलू नका. लिखा."

मिस्टर उठले. पाठमोरे उभे राहून त्यांनी लिहिलं, "हो. राहा." आणि तसेच मागच्या दारातून बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुवत बसले. माझी पाळी आली. चांगलं काहीतरी लिहिलं असतं तर आप्पांनी मानलं नसतं, आणि मीही मानलं नसतं. शेवटी लिहिलं, "तो होमवर्क नव्हता. मी खोटं लिहिलं."

"माले माहीत व्हतं," आप्पा म्हणाले. मग पाटावर बसले. "वरन थंड व्हयनं. वाढ."

त्या दिवशी त्यांनी दोन वेळा भात घेतला. मी नुसतं वाढत राहिले. मुलीनं मध्येच विचारलं, "मम्मी, मेरी वजह से हुआ क्या?" मी म्हटलं, "नाही गं. तू लिहिलंस, आम्ही लिहिलं नाही."

पिशवी रिकामी व्हायला मात्र आठवडा लागला. रोज एक कपडा परत दोरीवर दिसायचा. सासूबाईंचा फोटो सगळ्यात शेवटी निघाला.

फळा अजून आहे. खालचा भाग मुलीच्या उंचीचा म्हणून तिचा, वरचा आमचा. गुजरातीतलं ती आता आप्पांना बोट ठेवून वाचून दाखवते, आणि ते तिला शिरोरेषा कशी ओढायची ते दाखवतात. जेवायला वेळ लागतो, कारण एकाला सतत उठून लिहावं लागतं. जे भिंतीवर लिहायला हात धजत नाही, ते आम्ही जेवताना बोलत नाही.

मागे बोलतो का? कधी कधी बोलतो. परवाच डॉक्टरांनी आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला. डोळेही गेले तर या फळ्याचं काय करायचं, हे मी आणि मिस्टर गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलत होतो. ऑपरेशन इथे करायचं की दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं, त्यांना आधी सांगायचं की तारीख घेऊन सांगायचं. खाली उतरलो तर आप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीशी उभे होते. त्यांनी आधी मुलाचं तोंड बघितलं, मग माझं. बाजूला सरकून त्यांनी आम्हाला स्वयंपाकघराची वाट करून दिली आणि मागोमाग फळ्यापाशी आले.